दंडाखालची सैल कातडी आणि आर्म लिफ्टचा विचार

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल. हो, मी आर्म लिफ्ट करून घ्यायचा विचार करतेय. डॉक्टरी भाषेत ब्रेकिओप्लास्टी. काखेपासून कोपरापर्यंत दंडाखाली जी कातडी सैल होऊन लोंबते ती जादाची कातडी आणि त्याखालची चरबी कापून काढायची आणि उरलेली शिवून घ्यायची, थोडक्यात एवढंच. गेले कित्येक महिने हा विषय डोक्यात आहे, घरात बोललेय, एका सर्जनना दाखवून आलेय, आणि वाचायला बसलं की सगळं इंग्रजीत, त्यातही निम्म्या जाहिराती, म्हणून म्हटलं आपणच मराठीत लिहूया, कोणाला तरी उपयोग होईल.

माझं वजन एकेकाळी ९४ किलो होतं, आता ६६ आहे. मध्ये काय झालं तर शुगर. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ८.४ आला आणि आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतोच, पण वजन उतरवलंत तर बरंच काही तुमच्या हातात आहे. मग ताटातलं शीत निम्म्यावर आणलं, सकाळचे पाव बंद केले, भाजी आणि मासळी वाढवली, आणि पणजीहून ऑफिस सुटून घरी आले की फर्मागुडीचा चढ चढून यायचं, पाऊस असो नसो. दोन-अडीच वर्षं गेली त्यात. शुगर आता ताब्यात आहे, गुडघे दुखत नाहीत, आणि याचं मला खरंच खूप समाधान आहे. पण वजन कमी करा म्हणून सांगणाऱ्या कोणीही, डॉक्टर नाही, डायटिशियन नाही, जिमवाला नाही, एकानेही हे सांगितलं नव्हतं की वजन गेल्यावर कातडी मागे राहते. हे आधी सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे. सांगितल्याने कोणी वजन कमी करायचं थांबणार नाही, उलट मनाची तयारी होईल. आता तर मौंजारोसारखी वजन उतरवणारी इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडे मिळायला लागलीत, ओळखीतल्या बायकांचं वजन भराभर उतरताना दिसतंय, त्यांच्यापुढे हाच प्रश्न थोड्या दिवसांनी येणार आहे.

हळूहळू वजन कमी केलं की कातडी आपोआप आवळते असं लोक सांगतात, ते अर्धंच खरं आहे. माझं सावकाशच उतरलं होतं. वय किती, किती किलो गेले, कातडी किती वर्षं ताणलेली होती, ऊन किती खाल्लं, सिगरेट ओढता का, घराण्यातली कातडी कशी, हे सगळं मिळून ठरतं. कातडीत कोलॅजन आणि इलॅस्टिनचे तंतू असतात, ते वर्षानुवर्षं ताणून तुटले की परत पहिल्यासारखे होत नाहीत, आणि दंडाच्या आतल्या बाजूची कातडी मुळातच पातळ असते, त्यामुळे पोटाआधी ती लोंबायला लागली तर नवल नाही.

पहिल्यांदा हे मला आरशात नाही, टेलरबाईकडे नीट कळलं. फोंड्यात मार्केटच्या मागे त्या बसतात, माझे ब्लाउज वर्षानुवर्षं त्याच शिवतात, जुनी वही काढून त्यांनी माप घेतलं. छाती कमी, कंबर कितीतरी कमी, मुंढा कमी, आणि दंडाचा घेर मात्र थोडासाच उतरलेला. त्यांनी टेप दंडाभोवती लावला तर कातडी टेपच्या खालून बाहेर येत होती, त्यांनी ती बोटाने आत सारली, परत टेप लावला, आणि मला विचारलं बाही फिट करू की सैल ठेवू? फिट केली तर बाहीच्या काठाखाली वळी येते, सैल ठेवली तर बाकीच्या ब्लाउजला ती बाही शोभत नाही. रेडिमेड कुर्त्यांचं तर विचारूच नका, खांद्यात आणि छातीत एम बसतो आणि बाहीला एक्सएल लागतो.

पण कपड्यांचं एक वेळ चालवून घेतलं असतं. गोव्यातली हवा तुम्हाला माहिती आहे. एप्रिल-मेमध्ये नुसतं बसलं तरी घाम, पावसाळ्यात टॉवेल वाळत नाही. काखेजवळ कातडीवर कातडी चिकटते तिथे घाम साचतो, लाल होतं, चरचरतं, मग फंगस. स्किनच्या डॉक्टरनी पावडर आणि मलम दिलं, त्याने बरं होतं आणि पुढच्या उकाड्यात परत येतं. चालताना हात जोरात हलवले की कातडीही हलते आणि संध्याकाळी काखेखाली घासल्यासारखं दुखतं. कदंबा बसमध्ये उभं राहून वरचा दांडा धरायचा झाला तर मी हल्ली सीटची पाठ धरते. या गोष्टी बाहेरून छोट्या वाटतील, पण रोजच्या आहेत.

व्यायाम केला का, हा पहिला प्रश्न प्रत्येकजण विचारतो. केला, आणि अजून करते. डंबेल, भिंतीला टेकून पुशअप्स, खुर्चीच्या काठावरचे डिप्स. दंडाच्या मागचा ट्रायसेप्स हा स्नायू थोडा भरला, हात बळकट झाले, पाण्याची बादली आता सहज उचलते. पण स्नायू वेगळा आणि कातडी वेगळी. उशीतला कापूस कमी केला म्हणून अभ्रा लहान होत नाही, तसंच हे. थोडीच सैल असेल तर स्नायू भरल्याने फरक दिसतो, माझ्याइतकी असेल तर खाली लोंबणारा भाग तिथेच राहतो. ट्रेनरनी हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, अजून दोन महिने करा, अजून दोन महिने करा म्हणून माणसाला झुलवत ठेवू नये, कारण मग फरक पडला नाही की बायका स्वतःलाच दोष देत बसतात, आपणच कमी पडलो म्हणून.

मधल्या काळात मशीनवाल्यांकडेही चौकशी केली. रेडिओफ्रीक्वेन्सी, अल्ट्रासाउंड, कातडी आतून गरम करून आवळायची अशी ती पद्धत. एका क्लिनिकमध्ये मला पॅकेज सांगितलं, आज पैसे भरले तर डिस्काउंट वगैरे. मी एकच विचारलं की माझ्यासारख्या हाताचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवा. जे दाखवले त्यात सगळ्या मुली पंचविशीच्या, हात मुळातच बारीक, कातडी किंचित ढिली. त्यांना फरक पडत असेल, नाही म्हणत नाही, थोड्या सैलपणासाठी त्या मशीनचा उपयोग होतो असं सर्जननीही नंतर सांगितलं. पण मुठीत धरता येईल एवढी कातडी मशीनने आत जात नाही. क्रीमचं तर नावच नको.

मग सर्जनकडे गेले. त्यांनी आधी हात बघितलाच नाही, पंधरा-वीस मिनिटं नुसते प्रश्न. वजन किती महिन्यांपासून एका जागी आहे? कमीत कमी सहा महिने तरी स्थिर हवं, कारण नंतर परत पाच-दहा किलो गेले तर कातडी परत सैल, आणि वाढले तर टाके ताणले जातात, व्रण रुंद होतो. वजन उतरवायला पोटाची बॅरिॲट्रिक सर्जरी केलेल्यांना तर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. शुगर किती? हिमोग्लोबिन, बी१२, प्रोटीन? जे लोक कमी खाऊन बारीक होतात त्यांच्यात हे कमी असतं आणि मग जखम भरायला वेळ लागतो. तंबाखू, सिगरेट? घरात कोणी ओढतं का? निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, कातडीच्या कडांना रक्त पोचत नाही आणि जखम उघडते, म्हणून आधी आणि नंतर निदान चार-चार आठवडे पूर्ण बंद. वजनाचं इंजेक्शन चालू आहे का, कारण त्याने पोट हळू रिकामं होतं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरना ते आधी माहीत असावं लागतं. ब्रेस्ट कॅन्सरसाठी काखेतल्या गाठी कधी काढल्यात का, तसं असेल तर हाताला कायमची सूज यायचा धोका वाढतो आणि बहुतेक सर्जन अशा हाताला हात लावायला कचरतात. पायात रक्ताची गुठळी कधी झाली होती का? हे सगळे प्रश्न ज्या डॉक्टरने विचारले नाहीत त्याच्याकडे मी तरी ऑपरेशन करून घेणार नाही.

मग त्यांनी माझा डावा खांदा बघितला. लहानपणीच्या बीसीजीच्या खुणेवर बोट फिरवून बघितलं, उंच आलीय की सपाट आहे. कानाच्या पाळ्या बघितल्या. सिझेरियनचा व्रण कसा आहे विचारलं. आपल्या सावळ्या कातडीत व्रण काळपट पडायची, उंच व्हायची, केलॉइड (व्रणाचीच वाढत जाणारी जाड गाठ) व्हायची शक्यता गोऱ्या लोकांपेक्षा जास्त असते, आणि अंगावरच्या जुन्या खुणा त्याचा थोडा अंदाज देतात. माझ्या खुणा सपाट आहेत. पण माझ्या थोरल्या बहिणीला कान टोचल्यावर पाळीवर केलॉइड झालं होतं, मोठं, दोनदा इंजेक्शन द्यायला लागलं. ते सांगितल्यावर डॉक्टर थांबले, वहीत लिहून घेतलं, आणि म्हणाले हा मुद्दा तुम्ही हलका धरू नका.

नंतर उभं करून हात खांद्याच्या रेषेत बाजूला धरायला सांगितले, कोपरातून वर वाकवून. चिमटीत कातडी धरून किती निघेल ते मोजलं आणि जांभळ्या मार्करने काखेपासून कोपराच्या जरा अलीकडेपर्यंत सरळ रेघ ओढली. म्हणाले, तुमचा व्रण हा एवढा. ज्यांची कातडी फक्त काखेजवळ सैल असते त्यांचं काखेतल्या काखेत काम होतं, व्रण वळीत लपतो, त्याला मिनी म्हणतात, तुमचं तेवढ्याने भागणार नाही. ज्यांचं वजन खूपच गेलंय त्यांच्यात ही रेघ काखेतून खाली छातीच्या बाजूलाही उतरते, तुम्हाला ते नको.

ती रेघ मी घरी येईपर्यंत तशीच ठेवली, बाहीखाली. नवऱ्याने बघितली आणि बराच वेळ बोललाच नाही, मग म्हणाला, एवढी लांब? लेकीने मोबाइल घेतला आणि निरनिराळे फोटो काढले. हात खाली सोडलेला, हात कमरेवर, केस बांधताना, बसचा दांडा धरल्यासारखा, फुगडीत टाळी द्यायला वर नेलेला. आई, हात खाली ठेवलास तर काहीच दिसत नाही गं, ती म्हणाली, आणि ते खरंच होतं, रेघ अंगाकडे वळून लपते. पण केस बांधतानाच्या फोटोत समोरून पूर्ण दिसते, काखेपासून कोपरापर्यंत. डॉक्टर म्हणाले होते की काही सर्जन हीच रेघ दंडाच्या मागच्या बाजूला घेतात, मग समोरून दिसत नाही, स्वतःलाही आरशात दिसत नाही, पण पाठीमागच्या माणसाला दिसते. आतली की मागची, यावर सर्जन लोकांमध्येच एकमत नाहीये, आणि त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की हे तुम्ही ठरवा, कारण तो व्रण घेऊन तुम्हाला राहायचंय.

ते फोटो मी परत परत बघितले. माझ्यासाठी सगळा प्रश्न शेवटी या रेघेवर येऊन थांबतो. कातडी जाते आणि तिच्या जागी रेघ येते, कायमची. पहिले काही महिने ती लाल किंवा काळपट, थोडी उंच, कडक असते, बहुतेक सहा महिन्यांत जास्तच वाईट दिसते, आणि मग फिकट होत होत वर्ष-दीड वर्षात बसते. सिलिकॉनची पट्टी किंवा जेल, मसाज, उन्हापासून झाकणं, एवढं आपण करू शकतो, बाकी कातडीच्या हातात. ज्यांना स्लीव्हलेस घालायचं म्हणून हे करायचंय त्यांनी हे दहा वेळा डोळ्यांसमोर आणावं, कारण स्लीव्हलेसमध्ये कातडी दिसायची तिथे आता व्रण दिसेल. माझं तसं नाहीये. मी स्लीव्हलेस कधीच घातलं नाही आणि घालायची हौसही नाही, मला कोपराच्या वर येणारी साधी बाही नीट बसायला हवीय, काखेतलं चरचरणं थांबायला हवंय, आणि त्या बाहीखाली रेघ झाकली जाते. आणि हो, आंघोळीनंतर आरशात हात बरे दिसावेत असंही वाटतं, ते वाटण्यात मला काही गैर दिसत नाही.

धोके काय काय आहेत ते त्यांनी कागदावर लिहून दिलेत, मी इथे माझ्या शब्दांत लिहिते. सगळ्यात जास्त वेळा होणारी गोष्ट म्हणजे काखेजवळ, जिथे टाके एकमेकांना मिळतात, तिथे जखम थोडी उघडणं. तिथे ओढ जास्त आणि घामही जास्त. ड्रेसिंग करत राहिलं तर बहुतेक वेळा भरते, पण वेळ खाते. कातडीखाली पाणी साचतं, त्याला सेरोमा म्हणतात, सुईने काढावं लागतं, म्हणूनच काही जण एक-दोन दिवस ड्रेनची नळी ठेवतात. इन्फेक्शन, रक्त साचणं, दोन हात थोडे वेगळे दिसणं. काखेत व्रण सरळ उतरवला तर नंतर तो दोरीसारखा आखडून हात वर जायला अडचण येऊ शकते, म्हणून तिथे टाके नागमोडी घेतात, झेड-प्लास्टी. आणि मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती नसेची. कोपराच्या वरच्या भागात आतल्या बाजूला एक संवेदनेची नस कातडीखालून जाते, ती दुखावली तर कोपराच्या खाली हाताची आतली बाजू बधिर होते, काहींना मुंग्या, काहींना दुखरेपणा. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं, काहींचं राहून जातं. कोपराजवळ बेताने कापणारा, तिथे किती खोल जायचं ते कळणारा सर्जन हवा. आणि जास्त कातडी काढायचा हट्ट आपणही धरू नये, जास्त काढली तर जखम मिटेनाशी होते, टाके ताणतात, सूज उतरत नाही. थोडी राहिलेली चालेल, असं मी त्यांना स्वतःहून सांगितलंय.

ऑपरेशन दोन-तीन तासांचं, पूर्ण भूल देऊन, काही वेळा लायपोसक्शनही बरोबर करतात. दुसऱ्या दिवशी घरी, कधीकधी त्याच दिवशीही. पण घरी आल्यावरच खरं काम सुरू होतं, कारण दोन्ही हात एकदम. हात उशीवर उंच ठेवून झोपायचं, काखेपासून मनगटापर्यंत घट्ट प्रेशर गारमेंट चार ते सहा आठवडे, तेवढेच आठवडे काही जड उचलायचं नाही. वेणी घालता येणार नाही, डोक्यावरून कपडे घालता येणार नाहीत, पुढून बटणं असलेले गाऊन लागतील, पीठ मळणं नाही, नारळ खोवणं नाही, गाडी चालवणं काही आठवडे नाही आणि गोव्यात गाडीशिवाय पाव किलो साखरही येत नाही. टेबलावरच्या कामाला दहा-पंधरा दिवसांनी जाता येईल असं ते म्हणाले, मी तीन आठवड्यांची रजा धरून चाललेय.

आणि म्हणून कधी करायचं हा प्रश्न मला करायचं की नाही याइतकाच मोठा वाटतो. जून ते सप्टेंबर नको, दमट हवेत ते गारमेंट रोज धुऊन वाळणार कुठे, आणि ओलसर राहिलं तर टाक्यांवर फंगस. एप्रिल-मे तर नकोच. ऑक्टोबरातला उकाडाही वाईट. श्रावणापासून आमच्या ग्रुपची फुगडीची प्रॅक्टिस, मग गणपतीची चवथ, चवथीला आमच्याकडे घरात पंचवीस-तीस माणसं जेवायला. राहता राहिले डिसेंबर-जानेवारी. व्हडली दिवाळी झाली, म्हणजे तुळशीचं लग्न लागलं, की हवा जरा कोरडी होते, सकाळी थंडी पडते, तेव्हा सहा आठवडे गारमेंट सहन होईल. पौषातले धालो, म्हणजे मांडावरची बायकांची गाणी आणि नाच, चुकतील, त्याचं वाईट वाटतंय, मांडावर बसून बघेन. पण पुढच्या चवथीपर्यंत सात-आठ महिने हाताशी राहतात, टाळी द्यायला हात पूर्ण वर जायला तेवढे पुरतील असा अंदाज आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकते ती सांगतेच. गोव्यात येऊन सर्जरी करा आणि सुट्टीही एन्जॉय करा अशा जाहिराती असतात. या ऑपरेशनपुरतं तरी ते पटत नाही. जखम पूर्ण भरेपर्यंत समुद्राचं पाणी नाही, पूल नाही, ताज्या व्रणावर ऊन लागलं की तो काळा पडतो, आणि टाके उघडले किंवा पाणी साचलं तर ते बघायला ऑपरेशन केलेलाच डॉक्टर जवळ हवा, विमानाने परत गेल्यावर काय करणार. याच कारणासाठी मीसुद्धा मुंबई-बेंगळुरूचा विचार सोडून दिला. घरापासून तासाभराच्या आत पोचता येईल असा सर्जन बघायचा.

सर्जन कसा निवडायचा तर पाटी वाचून नव्हे. कॉस्मेटिक हा शब्द कोणीही पाटीवर लिहितो. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी डिग्री आहे का ते बघायचं, नॅशनल मेडिकल कमिशनच्या वेबसाइटवर डॉक्टरचं नाव टाकून रजिस्ट्रेशन बघता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. ऑपरेशन कुठे होणार, भूलतज्ज्ञ कोण, रात्री काही झालं तर आयसीयू आहे का. आणि वर्षाला असे किती हात करता, हे विचारायला लाजू नये. मी विचारलं, त्यांना राग आला नाही.

पैशांचं थोडक्यात. मला दीड ते दोन लाखांचा अंदाज दिलाय. इन्शुरन्समधून मिळणार नाही, आपल्याकडे हेल्थ पॉलिसीत कॉस्मेटिक सर्जरी वगळलेलीच असते, अपघात, भाजणं, कॅन्सर किंवा वैद्यकीय गरज असेल तरच. वारंवार होणाऱ्या फंगसचे कागद जोडून गरज दाखवता येईल का, ते कंपनीला लेखी विचारलंय, फारशी आशा नाहीये. कॉस्मेटिक म्हणून जीएसटीही लागतो. अंदाजपत्रक लेखी घ्यायचं आणि त्यात गारमेंट, तपासण्या, ड्रेसिंगच्या फेऱ्या धरल्यात का, आणि व्रण दुरुस्त करायची पाळी आली तर त्याचे पैसे कोणाचे, हे आधीच विचारून घ्यायचं. मी यासाठी दोन आरडी चालवल्यात, घरखर्चाला हात लावणार नाही, हे मी माझ्यापुरतं ठरवलेलं आहे.

घरचं काय? वहिनीने ऐकल्या ऐकल्या विचारलं, आतां हें कित्याक गो तुका? तिच्या मते या वयात कोण बघतंय. मी म्हटलं, मी बघते ना वहिनी, रोज बघते, आणि चरचरतं ते माझ्याच काखेत. ती वाईट मनाने म्हणत नाही, तिला भूल द्यायची भीती वाटते, तिच्या आईच्या ऑपरेशनला त्रास झाला होता. नवऱ्यालाही तीच भीती, म्हणून पुढच्या वेळी भूलतज्ज्ञांना भेटायला त्याला घेऊन जाणार आहे, त्याचे प्रश्न त्याने विचारावेत. सासूबाईंकडून विरोध होईल असं मला वाटलं होतं, त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पण त्या म्हणाल्या, पैसे तुझे आहेत, शरीर तुझं आहे, फक्त जखम भरली नाही तर काय करणार ते डॉक्टरला विचारून ये. इतक्या सगळ्यांत मुद्द्याचं बोलल्या त्या एकट्याच. वजन कमी केलं तेव्हा याच सगळ्यांनी केवढं कौतुक केलं होतं, आणि त्याच कामातला उरलेला भाग पुरा करायचा म्हटलं की ती एकदम हौस ठरते, हे मला पटत नाही आणि मी ते कोणाजवळ लपवतही नाही.

सध्या मी इथे आहे. वजन चवथीपासून ६६-६७ मध्येच आहे, अजून काही महिने तसंच ठेवायचंय. बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, प्लास्टिक सर्जरी डिपार्टमेंट आहे, तिथे ओपीडीत जाऊन दुसरं मत घेणार, मुख्य म्हणजे बहिणीच्या केलॉइडबद्दल. ते म्हणाले की धोका फार आहे, तर मी करणार नाही, पावडर आणि सैल बाहीवर निभावून नेईन, कारण लोंबणाऱ्या कातडीच्या जागी काखेपासून कोपरापर्यंत उंच खाजरा व्रण मला नकोय. ते म्हणाले की हरकत नाही, तर व्हडल्या दिवाळीनंतरची तारीख घेईन. रेघ आतल्या बाजूलाच घ्यायची हे जवळजवळ नक्की केलंय, कारण मागच्या बाजूला टेकून बसलं, झोपलं की घासणार, आणि आतली निदान मला स्वतःला बघता येईल, जेल लावता येईल.

गोव्यात किंवा कोकणात, आपल्यासारख्याच दमट हवेत कोणी हे करून घेतलं असेल तर मला महिन्याभराचे फोटो नकोत, ते सगळीकडे मिळतात. वर्ष उलटून गेल्यावर रेघ कशी दिसतेय, काखेतले टाके घामात टिकले का, आणि हात कानाला लागेपर्यंत वर जातो का, एवढं सांगा.